पावनखिंड लिहिताय? या चुका टाळा

पावनखिंडीवरच्या नवख्या कथांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘अमावास्येचा मिट्ट काळोख पसरला होता.’ महाराज पन्हाळ्याहून निघाले ती 12 जुलै 1660 ची रात्र आषाढ पौर्णिमेची. ढग दाटलेले असले तरी वर पूर्ण चंद्र होता. अशा रात्री वाट करडी दिसते, पुढच्याची पाठ दिसते, चेहरा मात्र ओळखू येत नाही. लिहायला बसण्याआधी पंचांग उघडा. शिवाय झुंज रात्री घडवू नका. पन्नासएक किलोमीटर चिखल तुडवून माणसं घोडखिंडीत (हे पावनखिंडीचं तेव्हाचं नाव) पोचली, तेव्हा 13 तारखेचा दिवस उजाडलेला होता. ती दमलेली होती. पिंढऱ्यांत गोळे आलेला माणूस तलवार कशी उचलेल, हे लिहिण्याजोगं आहे.

दुसरी चूक पावसाची. पहिल्या परिच्छेदात मुसळधार, तिसऱ्यात बंदुकांच्या फैरी! तोड्याच्या बंदुकीला तोडा, म्हणजे बार उडवणारी वात, पेटता लागतो; रंजक, म्हणजे कानाशी घालायची बारीक दारू, कोरडी लागते. आषाढात दोन्ही भिजतात. बार काढायचाच असेल तर घोंगडीआड जपलेला तोडा दाखवा, त्यावर फुंकर घालणारे ओठ दाखवा, आणि बहुतेक वेळा बार फुसका जाऊ द्या.

दांडपट्ट्याचंही तसंच. तो फिरवायला भोवती मोकळी जागा लागते. खांद्याला खांदा भिडलेल्या गर्दीत पट्टा आधी आपल्याच माणसाला लागेल. आणि खिंडीतल्या शिपायाला सगळं रणांगण दिसत नाही. त्याला समोरचे दोघंतिघं दिसतात, बाकीचं फक्त ऐकू येतं. माझ्या मते निम्मे प्रसंग इथेच फसतात: लेखक डोंगरावर उभा राहून लिहितो.

आता भाषा. ‘तलवारी विजेसारख्या तळपल्या, रक्ताचे पाट वाहिले’ हे वाक्य कुठल्याही लढाईत चालतं, म्हणून ते या लढाईचं नाही. त्याऐवजी असं लिहून पाहा:

‘भाला ओल्या मुठीतून पुन्हा निसटला. त्याने मुंडाशाची पट्टी फाडली, तळहाताला गुंडाळली, दातांनी गाठ आवळली. तेवढ्यात खालचा दोन पावलं वर सरकला होता.’

इथे रक्ताचा थेंब नाही, तरी वाचकाचा हात आपोआप आवळतो.

किरकोळ गोष्टी झटपट तपासा: ‘पाच मिनिटं’ नको, घटका आणि पळं वापरा, शिदोरीत बटाटा नको.

शेवटी विशाळगडावरच्या तोफांचे बार, महाराज गडावर पोचल्याची खूण. परंपरेने सांगितलेला हा क्षण बहुतेकजण सगळ्यांना एकदम, स्पष्ट ऐकवतात. पाऊस, ओरडा, दरीतला प्रतिध्वनी यांत पहिला बार गडगडाटच वाटेल. दुसऱ्याला कोणीतरी मान वर करेल. मग लढता लढता मनात बार मोजणारा एकच मावळा निवडा, आणि त्याच्या कानांनी ते ऐकवा.