यूएसबी कॅप्चर डोंगलसाठी लिनक्स ड्रायव्हर कसा लिहायचा

कोल्हापुरातल्या जुन्या व्हिडिओ शूटिंगवाल्यांच्या कपाटात लग्नाच्या, शाळेच्या गॅदरिंगच्या, खासबागेतल्या कुस्त्यांच्या व्हीएचएस कॅसेटी पडून असतात. त्या संगणकावर उतरवायला स्वस्तातला डोंगल पुरतो. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला पिवळी, पांढरी आणि लाल पिन. विंडोजच्या सीडीवरचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालेलच असं नाही, म्हणून अनेक जण लिनक्सकडे वळतात. तिथे ड्रायव्हर नसेल किंवा अर्धवट चालत असेल, तर तो कसा लिहायचा ते इथे दिलं आहे. सी भाषा आणि पॉइंटर अंगवळणी पडलेले आहेत असं धरलं आहे. फंक्शनांची आणि कमांडची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. फंक्शनच्या नावात जोडरेघ दिसेल तिथे टाइप करताना अंडरस्कोर द्या.

आधी चिप ओळखा

'इझीकॅप' असं छापलेल्या एकसारख्या दिसणाऱ्या डब्यांत वेगवेगळ्या चिप निघतात. डबीवरच्या नावावर विसंबू नका, एलएसयूएसबी (जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी देणारी कमांड) चालवा आणि त्यातला आयडी बघा. ०५ई१:०४०८ आला तर सिंटेकची एसटीके११६०. ईबी१ए ने सुरू होणारा आयडी म्हणजे एम्पियाचं ईएम२८ कुटुंब. १बी७१:३००२ म्हणजे फुशिकाईची यूएसबीटीव्ही००७. १सी८८:०००७ म्हणजे सोमॅजिक. सोमॅजिकला आधी फर्मवेअर चढवावं लागतं, मग ती नवा आयडी घेऊन पुन्हा उगवते.

पहिल्या तिन्हींचे ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आहेत. यूएसबीटीव्ही कर्नल ३.११ मध्ये, म्हणजे २०१३ साली आला. तुमचा आयडी तेवढा यादीत नसेल तर नवा ड्रायव्हर लिहिण्याआधी आयडीच्या तक्त्यात एक ओळ टाकून बघा. बरेचदा काम तिथेच भागतं. डिस्क्रिप्टरमध्ये व्हिडिओ क्लास दिसला तर तो यूव्हीसी जातीचा (यूएसबी व्हिडिओचं सामायिक मानक पाळणारा) आहे, त्याला ड्रायव्हर लिहायची गरजच नाही.

खालचं उदाहरण यूएसबीटीव्ही००७ चं आहे. तिची पॅकेटरचना सोपी आहे आणि आपला कोड कर्नलमधल्या चालत्या ड्रायव्हरशी ताडून बघता येतो. आपलं मॉड्यूल चढवण्याआधी जुनं आरएममॉडने काढा आणि ब्लॅकलिस्ट करा. नाहीतर डोंगल खोचला की जुनाच ड्रायव्हर तो ताब्यात घेईल आणि तुमचा प्रोब (डोंगल खोचल्यावर कर्नल बोलावतो ते फंक्शन) कधी चालणारच नाही.

यूएसबीच्या वाटेचं गणित

आपल्याकडचा टीव्ही पाल पद्धतीचा. ६२५ रेषा, त्यातल्या ५७६ दिसणाऱ्या, सेकंदाला २५ चित्रं. प्रत्येक चित्र दोन फील्डमध्ये येतं, एका फील्डमध्ये २८८ रेषा. एका रेषेत ७२० बिंदू, आणि वायूव्ही ४:२:२ मध्ये एका बिंदूला २ बाइट. म्हणजे एका चित्राचे ८,२९,४४० आणि सेकंदाचे २,०७,३६,००० बाइट.

हाय-स्पीड यूएसबीवर सेकंदाला ८,००० मायक्रोफ्रेम (वेळेचे तुकडे) असतात. आयसोक्रोनस एंडपॉइंटला (ठरलेल्या वेळी सतत डेटा देणाऱ्या दाराला) एका मायक्रोफ्रेममध्ये जास्तीत जास्त १,०२४ बाइटचे तीन व्यवहार करता येतात. ही कमाल झाली २,४५,७६,००० बाइट. आपल्याला मायक्रोफ्रेममागे सरासरी २,५९२ बाइट लागतात, वर हेडरचा भार. म्हणजे वाट जवळजवळ भरलेलीच आहे.

एकाच कंट्रोलरवर दुसरा डोंगल किंवा वेबकॅम असला की यूआरबी (यूएसबीवरच्या देवाणघेवाणीची एक मागणी) पाठवताना -२८ हा एरर का येतो, ते यातून कळतं. त्याचा छापील संदेश 'डिव्हाइसवर जागा उरली नाही' असा असतो, म्हणून लोक हार्ड डिस्क साफ करत बसतात. डिस्कचा इथे काही संबंध नाही, यूएसबीची राखीव वेळ संपलेली असते. दुसरा डोंगल वेगळ्या कंट्रोलरवर लावा. त्याच हबच्या शेजारच्या भोकात लावून फरक पडत नाही.

एलएसयूएसबी -व्ही मध्ये एंडपॉइंटचा कमाल पॅकेट आकार बघा. १४०० असा हेक्स आकडा दिसला तर खालच्या ११ बिटांत १,०२४ आणि त्यावरच्या दोन बिटांत २. ते २ म्हणजे 'जादा व्यवहार', एकूण तीन. हा गुणाकार विसरला की बफर तिपटीने लहान पडतो आणि चित्राच्या पट्ट्या तुटतात. ऑल्टरनेट सेटिंग ० मध्ये व्हिडिओला जागाच राखलेली नसते, चित्र सेटिंग १ वर येतं. काम संपलं की पुन्हा ० वर या, नाहीतर डोंगल रिकामा बसूनही वाट अडवून ठेवतो.

रजिस्टरचे आकडे कुठून आणायचे

रजिस्टर म्हणजे चिपमधली सेटिंगची घरं. बहुतेक चिपची डेटाशीट मिळत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज आणि मूळ ड्रायव्हर टाका, डोंगल त्या मशीनला द्या, आणि बाहेरच्या लिनक्सवर यूएसबीमॉन मॉड्यूल चढवून वायरशार्कने रहदारी टिपा. यूएसबीमॉनची मजकुरी फाइल वापरू नका, ती प्रत्येक व्यवहाराचे पहिले ३२ बाइटच दाखवते.

एका वेळी एकच गोष्ट बदला. ब्राइटनेस एका घराने वर न्या, थांबा, एका घराने खाली आणा. नोंदीत नेमकी कोणती कंट्रोल रिक्वेस्ट दोनदा आली ते लगेच सापडतं. सगळे स्लायडर एकदम हलवले तर त्या नोंदीतून काही निघत नाही.

यूएसबीटीव्हीत रजिस्टर लिहिणं म्हणजे एक व्हेंडर रिक्वेस्ट, क्रमांक १२. इंडेक्समध्ये रजिस्टरचा पत्ता (हेक्स सी००० च्या पुढचे), व्हॅल्यूमध्ये किंमत, मागे डेटा काही नाही. एम्पियासारख्या चिपना डेटाही पाठवावा लागतो. तो बफर स्टॅकवर घेऊ नका, के-मॅलॉकने घ्या. कर्नल ४.९ पासून स्टॅक व्हर्च्युअल मेमरीत जाऊ शकतो आणि तिथून डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीतून थेट देवाणघेवाण) होत नाही.

प्रोबमधला क्रम

एंडपॉइंट शोधा, आपल्या स्ट्रक्चरसाठी जागा घ्या, स्पिनलॉक आणि म्युटेक्स ही कुलपं आणि बफरची यादी तयार करा, व्ही४एल२ (लिनक्सची व्हिडिओ यंत्रणा) डिव्हाइस नोंदवा, व्हीबी२ (तिच्यातली बफर सांभाळणारी) रांग सुरू करा. व्हिडिओ-रजिस्टर-डिव्हाइस सगळ्यात शेवटी. ते झाल्या क्षणी डिव्हाइसची फाइल तयार होते, यूडेव्ह (डिव्हाइसच्या फाइली सांभाळणारा प्रोग्राम) ती उघडून बघतो, आणि रांग तयार नसेल तर कर्नल तिथेच कोसळतो. हा दोष दहातून एकदाच दिसतो, म्हणून सापडायला जड जातो.

व्हीबी२ साठी व्हीमॅलॉक जातीची मेमरी पुरेशी आहे, कारण पॅकेटमधून चित्र आपल्याला हातानेच कॉपी करायचं आहे. मॉड्यूलचं लायसन्स जीपीएल लिहा. यूएसबीची बरीच फंक्शनं जीपीएल मॉड्यूललाच दिसतात.

स्ट्रीम सुरू करणं

स्टार्ट-स्ट्रीमिंगमध्ये आधी सेटिंग ०, मग रजिस्टरांची सुरुवातीची यादी, मग सेटिंग १, आणि त्यानंतर यूआरबी. १६ यूआरबी, प्रत्येकात ८ पॅकेट ठेवा. एक पॅकेट एका मायक्रोफ्रेमचं, म्हणजे एक यूआरबी १ मिलिसेकंदाचा आणि एकूण राखीव १६ मिलिसेकंद. मेमरी ३८४ केबी. दोनच यूआरबी ठेवले तर प्रोसेसर जरा दुसरीकडे गुंतला की चित्रात आडव्या फटी दिसतात.

मध्येच काही फसलं तर रांगेत आलेले सगळे बफर 'क्यूड' अवस्थेत परत द्या. स्टॉप-स्ट्रीमिंगमध्ये तेच बफर 'एरर' अवस्थेत. हे चुकलं की व्हीबी२ डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदीत) इशारा छापतं, आणि त्याची तक्रार खरी असते.

पॅकेट उलगडणं

खरी मेहनत इथे आहे. प्रत्येक पॅकेटमध्ये १,०२४ बाइटचे तुकडे येतात. तुकड्याचे पहिले ४ बाइट हेडर, बिग-एंडियन. सर्वात वरचा बाइट हेक्स ८८ नसेल तर तुकडा फेका. पुढचा बाइट चित्राचा क्रमांक, त्यानंतरचा एक बिट फील्ड विषम की सम ते सांगतो, आणि शेवटचे १२ बिट तुकड्याचा क्रमांक. हेडरनंतर ९६० बाइट चित्र, उरलेले ६० बाइट भरताड.

एका रेषेचे १,४४० बाइट आणि तुकडा ९६० चा, त्यामुळे तुकडा रेषेच्या मध्येच संपतो. प्रत्येक तुकड्याचे ४८० बाइटचे दोन भाग करा, म्हणजे तीन भागांची एक रेषा होते. भाग क्रमांक = तुकडा × २ + (० किंवा १). त्याला ३ ने भागून आलेला भागाकार ही फील्डमधली रेषा, बाकी ही रेषेतली जागा. तुकडा क्रमांक १ घ्या. त्याचे भाग २ आणि ३. भाग २ जातो रेषा ० च्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात, भाग ३ जातो रेषा १ च्या सुरुवातीला. चित्रातली रेषा मिळवायला फील्डमधली रेषा दुप्पट करा आणि सम फील्ड असेल तर १ मिळवा. पालमध्ये एका फील्डचे ४३२ तुकडे.

फील्ड उलटसुलट झाले की स्थिर चित्रात चटकन कळत नाही. कुस्तीची कॅसेट लावा. पैलवान ढाक मारायला वळला की हातापायांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. विषम-समचा बिट उलटा वाचला की दाते जास्त आणि स्थिर अक्षरांच्या कडाही थरथरतात. थोडे दाते मात्र दोन फील्डच्या वेळेतल्या फरकामुळे राहणारच. ते घालवणं डीइंटरलेस करणाऱ्या प्रोग्रामचं काम, ड्रायव्हरने त्यात हात घालू नये.

आलेल्या क्रमांकावर कधीच विश्वास ठेवू नका. तुकडा क्रमांक ४३२ किंवा जास्त आला तर कॉपी न करता सोडा, नाहीतर बफरच्या बाहेर लिहिलं जाईल. पॅकेटची लांबी आणि प्रत्येक पॅकेटचा स्टेटसही वेगवेगळा तपासा, यूआरबीचा एकूण स्टेटस पुरत नाही.

चित्र पूर्ण झालं हे ठरवताना बरेच जण फसतात. 'सम फील्डचा ४३१ क्रमांकाचा तुकडा आला की बफर दे' एवढंच लिहिलं तर चांगल्या सिग्नलवर चालतं. पण कॅसेटीचा रिकामा भाग आला, किंवा अमेरिकेतल्या पाहुण्यांनी पाठवलेली एनटीएससी (तिकडच्या टीव्ही पद्धतीची) कॅसेट लावली, तर तो तुकडा कधीच येत नाही. एनटीएससीत फील्डचे ३६० तुकडेच असतात. बघणारा प्रोग्राम मग गोठून बसतो. म्हणून चित्र क्रमांक बदलला की जुना बफर अर्धवट असला तरी 'एरर' लावून सोडा आणि पुढे चला.

हा सगळा कोड यूआरबीच्या कम्प्लीशन फंक्शनमध्ये चालतो. तिथे झोपायला परवानगी नाही. म्युटेक्स नाही, कंट्रोल रिक्वेस्ट नाही, यूआरबी परत पाठवताना जीएफपी-अ‍ॅटॉमिक. बफरच्या यादीला स्पिनलॉक, इंटरप्ट बंद करणाऱ्या प्रकारचा. स्टेटस -२, -१०४ किंवा -१०८ आला तर यूआरबी मारला गेला आहे, तो परत पाठवू नका.

चित्र चुकीचं दिसतंय

सगळं हिरवं-गुलाबी: बाइटचा क्रम चुकला, वायूवायव्ही आणि यूवायव्हीवाय यांची अदलाबदल. काळंपांढरं: पद्धत चुकीची निवडली, किंवा एस-व्हिडिओची केबल लावून इनपुट कंपोझिटवर ठेवलं. वरच्या कडेला चित्र वाकतं: व्हीसीआरचा वेग डळमळतो, डीकोडरमध्ये व्हीटीआर मोड असेल तर तो लावा. राखाडी पट्टा हळूहळू वर सरकतो: व्हीसीआर आणि लॅपटॉपच्या अर्थिंगमधला फरक. लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा, पट्टा गेला तर ड्रायव्हरला दोष देऊ नका.

चाचणीला सुरुवातीला व्हीसीआर वापरूच नका. सेट-टॉप बॉक्सच्या पिवळ्या पिनमधून येणारा सिग्नल स्थिर असतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कॅसेटींना पांढरी बुरशी येते. तशी कॅसेट लावली तर हेड घाण होतं, आणि मग चित्रातला 'बर्फ' (पांढरे ठिपके) ड्रायव्हरमुळे आहे की हेडमुळे, हे कळेनासं होतं.

डोंगल उपटला तर

रेकॉर्डिंग चालू असताना कुणीतरी डोंगल काढणारच. डिस्कनेक्टमध्ये म्युटेक्स घेऊन यूआरबी थांबवा, व्हिडिओ डिव्हाइसची नोंद काढा, यूएसबी पॉइंटर नल करा आणि व्ही४एल२-डिव्हाइस-पुट करा. आपली स्ट्रक्चर इथे के-फ्री करू नका. प्रोग्रामने फाइल अजून उघडी धरलेली असते. मोकळं करण्याचं काम रिलीज कॉलबॅकवर सोडा, शेवटची फाइल बंद झाली की तो आपोआप येतो. पुढे येणाऱ्या प्रत्येक रजिस्टर-लेखनाने पॉइंटर नल आहे का ते पाहून -१९ परत द्यावं.

व्ही४एल२-कंप्लायन्स आधी साधा चालवा, मग -एस देऊन स्ट्रीमिंगसह. एकही 'फेल' शिल्लक ठेवू नका. त्यानंतर केएसॅन (मेमरीतल्या चुका पकडणारी सोय) चालू असलेल्या कर्नलवर रेकॉर्डिंग सुरू करा, डोंगल उपटा, प्रोग्राम बंद करा, डोंगल परत लावा. मग क्रम उलटा करून बघा: आधी प्रोग्राम थांबवा आणि तो थांबत असतानाच डोंगल काढा. डीमेसेजमध्ये 'यूज-आफ्टर-फ्री' (मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरणं) दिसलं तर रिलीजमधला क्रम पुन्हा तपासा. केएसॅनशिवाय हीच चूक महिनाभर गप्प बसते आणि मग भलत्याच प्रोग्राममध्ये मशीन अडकवते.