सिमकार्डच्या यंत्रातील मायक्रोफोनची टर्रर्र कशी थांबवली

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यासाठी आम्ही बनवत असलेल्या जीएसएम (सिमकार्डवर चालणारी मोबाइल जाळ्याची पद्धत) संपर्क यंत्रात, बोलणाऱ्याच्या आवाजामागे सतत टर्रर्र ऐकू येत असे. जीएसएमचे प्रक्षेपण सलग नसते, दर 4.615 मिलिसेकंदांनी रेडिओलहरींचा एक झोत जातो, म्हणजे सेकंदाला सुमारे 217 वेळा, आणि ही वारंवारता कानाला स्पष्ट ऐकू येते. त्यामुळे अँप्लिफायरचा गेन (आवाज मोठा करण्याचे प्रमाण) वाढवला की टर्रर्रही तितकीच वाढे.

प्रत्येक झोताला जीएसएम मॉड्यूल (प्रक्षेपण करणारा भाग) 2 अँपिअरपर्यंत प्रवाह ओढू शकते आणि व्होल्टेजमधील तो खड्डा बायसमार्गे (मायक्रोफोनला वीज देणाऱ्या जोडणीतून) थेट इनपुटवर उतरतो, म्हणून इलेक्ट्रेट मायक्रोफोनच्या 2.2 किलोओहम रेझिस्टरआधी 1 किलोओहम व 10 मायक्रोफॅरडचा फिल्टर बसवला. आवाज बराच निवळला, परंतु अँटेना जवळ आणताच टर्रर्र परत येई. हा त्रास रेडिओलहरींचा होता, कारण मायक्रोफोनमधला छोटा ट्रान्झिस्टर त्यांचे डिटेक्शन करतो, म्हणजे त्या झोतांचे ऐकू येणाऱ्या आवाजात रूपांतर करतो. मायक्रोफोनच्या टोकांना अगदी चिकटून 900 मेगाहर्ट्झसाठी 33 पिकोफॅरड आणि 1800 मेगाहर्ट्झसाठी 10 पिकोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर लावले, दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन नेल्या, आणि संभाषण स्वच्छ झाले. हेच कपॅसिटर तारेच्या दुसऱ्या टोकाला, अँप्लिफायरपाशी लावून पाहिले, तेव्हा फरक जेमतेम जाणवला होता.