यील्ड मॅपवरून खताची मात्रा ठरवण्याआधी

हार्वेस्टरमधून काढलेला यील्ड मॅप, म्हणजे शेताच्या कुठल्या भागात किती पीक आलं याचा नकाशा, तसाच्या तसा वापरू नका. कणीस कापल्यापासून दाणा उत्पादन मोजणाऱ्या सेन्सरवर आदळेपर्यंत साधारण १० ते १५ सेकंद जातात. ताशी ६ किलोमीटर वेगाने १२ सेकंदांत यंत्र २० मीटर पुढे गेलेलं असतं. ही वेळ सॉफ्टवेअरमध्ये चुकली, की उलटसुलट फेऱ्यांच्या सीमेवर करवतीसारखे दाते दिसतात. आधी ते सुधारा. मग वळणावरचे, फेरीच्या सुरुवातीचे आणि शेवटचे बिंदू काढून टाका. अर्ध्या रुंदीने कापलेली पट्टी पूर्ण रुंदीची म्हणून नोंदली गेली, तर चांगली जमीनही नापीक दिसते.

एका हंगामावर विसंबू नका. तीन-चार वर्षांचे आकडे त्या-त्या वर्षीच्या सरासरीच्या टक्केवारीत मांडा, म्हणजे वेगवेगळी पिकंही शेजारी ठेवून बघता येतात.

एखादा तुकडा दरवर्षी ८० टक्क्यांखाली राहिला, की तिथे नत्र वाढवण्याचा मोह होतो. थांबा, फावडं घेऊन तिथे जा. मुळं वीतभर खोलीवर आडवी वळली असतील तर खाली कडक थर आहे. जादा खत वायाच जाईल. निचरा आणि सामूही (मातीचा pH) तपासा. उलट भरघोस पिकणाऱ्या भागातून स्फुरद-पालाश (फॉस्फरस-पोटॅशियम) जास्त उचललं जातं, त्याची भरपाई मात्र या नकाशावरून छान करता येते.

नकाशातले भाग स्प्रेडरच्या (खत पसरवणाऱ्या यंत्राच्या) फेकीपेक्षा अरुंद नकोत. आणि सगळ्या भागांतून आरपार जाणारी एक पट्टी नेहमीच्या सरसकट मात्रेची ठेवा. पुढच्या कापणीला तुलना तिच्याशीच करायची आहे.