नकली वस्तू पदरी पडल्यास काय करावे

गेल्या दिवाळीत इंदूरच्या राजवाड्याजवळील एका दुकानातून आम्ही प्रेशर कुकर घेतला. घरी आणून उलटा करून पाहिला, तेव्हा कंपनीच्या नावातील एक अक्षर वेगळे असल्याचे लक्षात आले. आयएसआय चिन्ह होते, परंतु त्याच्या खाली असावा लागणारा ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक नव्हता. असा क्रमांक असल्यास तो हे चिन्ह देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकावा, म्हणजे परवाना कोणत्या उत्पादकाचा आहे आणि चालू आहे की नाही, हे लगेच कळते.

अशा वेळी आपण रागाच्या भरात दुकान गाठतो आणि वस्तू काउंटरवर ठेवून येतो. कृपया तसे करू नका. प्रकरण पुढे गेल्यास ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणारा ग्राहक आयोग तीच वस्तू मोहरबंद करून प्रयोगशाळेत तपासणीसाठी पाठवू शकतो, म्हणून लेखी पोच घेतल्याशिवाय ती हातची सोडू नये. खोका, लेबल आणि पैसे दिल्याचा पुरावा जपून ठेवावा आणि खरेदीच्या वेळी पक्के बिल मागायला संकोचू नये. आपल्याकडे बिलावर ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा’ असे सर्रास छापलेले असते, आणि ते वाचून कित्येक जण गप्प बसतात. वास्तविक ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार बिल न देणे, तसेच बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास 30 दिवसांत, सदोष माल परत घेण्यास नकार देणे, या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापार प्रथा ठरतात.

प्रथम दुकानदाराला लेखी कळवावे. दाद न मिळाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी; पुष्कळ प्रकरणे येथेच मिटतात. तरीही न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. माल ऑनलाइन मागवलेला असून विक्रेता दूरच्या शहरातला असला, तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे इंदुरातच, तक्रार करता येते. वस्तूची किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, वकील देणे बंधनकारक नाही आणि अर्ज हिंदीत लिहिला तरी चालतो. त्यात वस्तू बदलून मिळावी की पैसे परत हवेत, आणि नुकसानभरपाई किती, हे स्पष्ट लिहावे. तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत हा अर्ज दाखल व्हायला हवा.