आंबट वासाची गोळी: औषध घेताना आणि घरात ठेवताना या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात अमळनेरजवळच्या खेड्यातल्या एक मावशी आमच्या मेडिकलवर आल्या. रुमालाची गाठ सोडून त्यांनी गोळ्यांची डबी काउंटरवर ठेवली. "भाऊ, हाई गोई आंबट वास मारस." हार्ट अटॅकनंतर चालू झालेली ॲस्पिरिन होती ती. झाकण काढताच व्हिनेगरसारखा भपकारा आला. दोन गोळ्या तर एकमेकींना चिकटलेल्या. मावशींना वाटलं, माल बनावट आहे. माल खरा होता. गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत भरलेल्या आणि डबी चुलीजवळच्या फळीवर, वर तापलेले पत्रे. दमट हवा लागली की ॲस्पिरिनचं विघटन होतं आणि ॲसिटिक आम्ल सुटतं. व्हिनेगरला वास येतो तो त्याचाच.

त्यामुळे गोळ्या स्ट्रिपमधून काढून ठेवू नका. स्ट्रिप कापून घेत असाल तर बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेली कड शेवटपर्यंत सांभाळा. दुकानदाराला दुसऱ्या टोकाकडून कापायला सांगा आणि बिल घ्याच, त्यावर बॅच नंबर असतो. ती कड हरवली की औषध कुठलं, कधीचं, हे आम्हालाही सांगता येत नाही.

जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि गोळ्यांच्या वेष्टनावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा. बाजाराच्या दिवशी औषध घेऊन मोटारसायकलच्या डिक्कीत टाकायचं आणि मग दोन तास बाकीची खरेदी करत फिरायचं, हे मी रोज बघतो. औषध सगळ्यात शेवटी घ्या.

इन्सुलिनच्या बाबतीत तर फारच जपा. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची, पण बर्फाच्या कप्प्याला लागून नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही. जे पाण्यासारखं स्वच्छ असायला हवं ते गढूळ दिसलं, किंवा दुधाळ प्रकारात हलक्या हाताने फिरवूनही गुठळ्या राहिल्या, तर टोचू नका. शेतावर राहत असाल, फ्रिज नसेल, तर वापरातली बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मडक्यात ठेवा आणि ते मडकं ओल्या वाळूने भरलेल्या मोठ्या मडक्यात, सावलीला. आपला उन्हाळा कोरडा आहे, म्हणून ही युक्ती इथे चांगली चालते.

लहान मुलांचं पाणी घालून कालवायचं अँटिबायोटिक लेबलवर लिहिलेल्या दिवसांतच संपवा. उरलेलं पुढच्या तापासाठी ठेवू नका.

आता बनावट मालाकडे येऊ. खोक्यावरचा आणि स्ट्रिपवरचा बॅच नंबर जुळत नाही, नावाच्या स्पेलिंगमध्ये चूक आहे, छपाई बोटाने पुसली जाते, नेहमीच्या गोळीचा रंग किंवा जाडी बदललीय, बिल द्यायला टाळाटाळ होते: यातलं एक जरी दिसलं तरी थांबा. १ ऑगस्ट २०२३ पासून तयार होणाऱ्या ३०० प्रमुख ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. डोलो, कॅल्पॉल त्यातच येतात. मोबाइलने स्कॅन करा आणि दिसणारा बॅच नंबर, एक्स्पायरी छापलेल्याशी ताडून बघा. नुसता कोड उघडला म्हणून निर्धास्त होऊ नका, कोडची नक्कल करता येते. आणि हुबेहूब नक्कल असेल तर ती माझ्याही नजरेला कळत नाही, प्रयोगशाळाच सांगते.

संशय आला म्हणून हृदयाची, फिटची, शुगरची गोळी मनाने बंद करू नका. त्याच दिवशी बिलावर दुसरी घ्या, डॉक्टरांना कळवा. संशयित स्ट्रिप फेकू नका, बिलासकट बाजूला ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या नंबरवर कळवा. औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ प्रमाणे फी भरून ते औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घ्यायचा हक्क ग्राहकाला आहे.