कॅमेरा खुळखुळतोय? आतला सैल स्क्रू शोधण्याची आणि बसवण्याची रीत

कॅमेरा हलवला की आत काहीतरी वाजतं आणि संशय लगेच सुटलेल्या स्क्रूवर जातो. पण वाजणाऱ्या निरुपद्रवी गोष्टीही पुष्कळ असतात. म्हणून आधी बॅटरी आणि कार्ड बाहेर काढा, लेन्स काढून बॉडीला झाकण लावा, पट्ट्याच्या कड्या बोटांनी दाबून धरा. मग बॉडी आणि लेन्स वेगवेगळ्या हातात घेऊन हळूच तिरप्या करत ऐका. कप्प्यात हलणारी बॅटरी आणि किणकिणणाऱ्या कड्या इथेच पकडल्या जातात.

हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून ज्या कॅमेऱ्यांत सेन्सरच सरकतो (सोनी ए७ टू, पॅनासॉनिक जी९, कॅनन आर५ वगैरे), त्यांत कॅमेरा बंद असताना सेन्सर मोकळा असतो. त्याचा आवाज जड, बोथट आणि एकाच जागेवरून येतो. स्थिरीकरण असलेल्या लेन्सही अशाच वाजतात. सुटलेल्या स्क्रूचा आवाज बारीक आणि धातूचा असतो, कॅमेरा फिरवाल तसा तो या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळतो. असा आवाज आला तर ‘चालू करून बघू’ हा मोह आवरा. एवढासा पोलादी स्क्रू सर्किट बोर्डवर आडवा पडला तर शॉर्ट होतो, आणि शटरच्या पात्यांत अडकला तर शटरच बदलावं लागतं.

स्क्रूड्रायव्हर नीट निवडा

जपानी कॅमेऱ्यांतले अधिक-चिन्हाचे स्क्रू जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाचे असतात. साधा फिलिप्स, म्हणजे नेहमीचा अधिक-चिन्हाचा स्क्रूड्रायव्हर, त्यांच्या खाचेत पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर सरकतो आणि खाच गुळगुळीत करतो. व्हेसलसारख्या जपानी कंपनीचे ०, ०० आणि ००० हे तीन नंबर घेतले की बहुतेक काम भागतं. मोबाइल दुरुस्तीच्या स्वस्त संचातली टोकं मऊ असतात, तिथे पैसे वाचवू नका. सोबत प्लॅस्टिकचा चिमटा, हवेचा रबरी फुगा, पांढरं सुती फडकं आणि दुहेरी चिकटपट्टी लावलेला कागद ठेवा. कागदावर कॅमेऱ्याची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटवा. दिसायला सारख्या स्क्रूंची लांबी वेगळी असते, आणि ४ मिमीच्या जागी ६ मिमीचा गेला तर तो खालचा बोर्ड किंवा पट्टीसारखी केबल फोडतो.

आधी बाहेरून

कॅमेरा न उघडता घट्ट करता येतात असे स्क्रू बरेच असतात: तळाच्या पत्र्यावर, बाजूंना, डोळ्याच्या रबराखाली, बॅटरीच्या झाकणाजवळ. मोटारसायकलच्या टाकीवरच्या बॅगेत फिरणाऱ्या कॅमेऱ्याचे हेच स्क्रू सैल होत जातात.

लेन्स बसते ती कडी हलत असेल तर फोटोची एक बाजू मऊ (धूसर) येते. लेन्स कडीत किंचित फिरणं चालतं, पण कडीच बॉडीवरून उचलली जायला नको. ती घट्ट करताना कॅमेरा उभा धरा, म्हणजे धातूचा कीस आत पडणार नाही. एकही स्क्रू पूर्ण काढू नका, कारण कडीखाली कागदासारख्या पातळ चकत्या असू शकतात. कडीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर (निकॉन एफला ४६.५ मिमी, कॅनन ईएफला ४४ मिमी) त्यांनीच नेमकं जुळवलेलं असतं. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. शेवटी कडी खाली करून फुग्याने हवा मारा.

ट्रायपॉडची जागा डुगडुगत असेल तर तिचे स्क्रू तळाच्या पत्र्याआड सापडतात. इथे कारणही तपासा. सोनीच्या पुस्तिका ट्रायपॉडचा स्क्रू ५.५ मिमीपेक्षा आखूड हवा असं सांगतात. लांब स्क्रू जोराने फिरवला की आतला पत्राच उचकटतो.

उघडावंच लागलं तर

कॅमेऱ्यात फ्लॅश असेल तर आत एक काळं नळकांडं असतं, फ्लॅशसाठी वीज साठवणारा कपॅसिटर. त्यात ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो बराच काळ टिकतो. त्याच्या टोकांना बोट लावू नका. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडणं हा उपाय नव्हे, त्यात बोर्ड जळतो. १ ते २ किलोओम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी दोन टोकांवर दहा सेकंद धरा, मग मल्टिमीटरच्या उच्च डीसी रेंजवर मोजा. आकडा काही व्होल्टपर्यंत उतरल्याशिवाय पुढे जाऊ नका. मल्टिमीटर वापरता येत नसेल तर फ्लॅशवाला कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे द्या, यात कमीपणा नाही.

तळाचा पत्रा काढला की कॅमेरा फडक्यावर उलटा धरून हलकेच थोपटा, स्क्रू बहुधा पडतो. पडला नाही तर सेन्सर हलवणाऱ्या यंत्रणेतले किंवा लेन्सच्या मोटरमधले चुंबक बघा, तो तिथे चिकटून बसलेला असतो. सापडला की खरं काम सुरू होतं: त्याचं रिकामं भोक शोधणं. भोक सापडलं पण भोवतीचा प्लॅस्टिकचा खांब तडकलेला असेल तर स्क्रू पुन्हा सुटणारच. आधी खांबाला बाहेरून थोडं इपॉक्सी लावून २४ तास राहू द्या.

प्लॅस्टिकमधला स्क्रू बसवताना तो आधी उलटा फिरवा. ‘टक’ असा बारीक झटका जाणवला की जुन्या आट्यांची सुरुवात सापडली, तिथून सुलटा फिरवा. थेट आवळला तर नवे आटे पडतात आणि दोन-तीन वेळांत भोक निकामी होतं. धातूत बसणाऱ्या स्क्रूच्या आट्यांवर लॉकटाइट २२२ (आटे सुटू न देणारा चिकट द्रव), तो जांभळा, टाचणीच्या टोकाएवढा पुरतो. निळा लॉकटाइट या मापाला जास्त घट्ट बसतो. प्लॅस्टिकवर मात्र यातला कुठलाच नको, पॉलिकार्बोनेट त्याने तडकतं. तिथे स्क्रू बसल्यावर डोक्याच्या कडेला नेलपॉलिशचा ठिपका द्या.

ज्या स्क्रूवर कारखान्याचा रंग आहे आणि जे तीन स्क्रू सेन्सरला स्प्रिंगसह धरून आहेत, त्यांना हात लावू नका. ते जुळवणीचे असतात. पाव फेरा चुकला तरी फोकस तिरका होतो आणि मग खास उपकरणांशिवाय तो परत जुळत नाही.

बंद केल्यावर भिंतीला सपाट चिकटवलेल्या वर्तमानपत्राचा लेन्सच्या सर्वांत मोठ्या छिद्रावर (अ‍ॅपर्चर) समोरून फोटो घ्या आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं पूर्ण मोठी करून बघा. एकच कोपरा मऊ असेल तर कडीचे स्क्रू पुन्हा तपासा.