ब्रिटनच्या थंडीत काचघरातला फ्रीसिया

फ्रीसिया हे कंदापासून वाढणारं फुलझाड मूळचं दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातलं. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो. म्हणून कंदाला झोपताना ऊब लागते, वाढताना गारवा. ब्रिटनमध्ये काचघर हवं ते फक्त गोठवणाऱ्या रात्रींसाठी. लवकर फुलं यावीत म्हणून हीटर वाढवला की फुलं उलट उशिरा येतात.

कंद ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लावा. १३ सेंटिमीटरच्या कुंडीत सहा कंद, टोक वर करून, ५ सेंटिमीटर खोल. निचऱ्यासाठी मातीत तिसरा हिस्सा बारीक खडी मिसळा. मातीचा सामू (pH) ६.५ ते ७ असावा. सुपर फॉस्फेट खत मात्र टाळाच, त्यातल्या फ्लोराइडने पानांचे शेंडे करपतात. लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्या आणि कोंब दिसेपर्यंत माती नुसती ओलसर ठेवा.

कडाक्याची थंडी सुरू होईपर्यंत कुंड्या बाहेरच, अर्धवट सावलीत राहू द्या. आत घेतल्यावर रात्रीचं तापमान ५ अंशांखाली जाऊ देऊ नका. दिवसा १५ च्या वर चढलं की झडपा उघडा. फुलदांडा गारव्यातच धरतो. माती १७-१८ अंशांच्या वर राहिली तर नुसती पानंच माजतात. दांडा घडत असताना एकदम उष्मा वाढला तर सगळ्यात खालचं फूल बाकीच्यांपासून सुटून दांड्यावर एकटंच खाली बसतं. हवा कोंडली तर पाकळ्यांवर बुरशीचे ठिपके येतात.

पानं वीतभर होण्याआधीच भोवती बारीक काटक्या खोचा. दांडा वरच्या टोकाला जवळजवळ काटकोनात वळतो आणि फुलं त्या आडव्या भागावर वर तोंड करून ओळीने उमलतात. त्या वजनाने तो सहज लवंडतो. कळ्या दिसल्या की दर पंधरवड्याला टोमॅटोचं पोटॅशयुक्त द्रवखत द्या.

फुलं संपली तरी पानं पिवळी पडेपर्यंत पाणी थांबवू नका, पुढच्या वर्षीचा कंद तेव्हाच भरतो. मग कोरडे कंद काढून २५ ते ३० अंशांत सुमारे तीन महिने ठेवा. गरम पाण्याच्या टाकीजवळचं कपाट यासाठी उत्तम. गार शेडमध्ये ठेवलेला कंद पुष्कळदा कोंबच काढत नाही, जुन्यावर नवा कंद तेवढा धरतो आणि वर्ष वाया जातं. तळाशी तपकिरी, मऊ झालेले कंद फेकून द्या. पानांवर फिकट पट्टे किंवा फुलांच्या रंगात तुटक रेघा दिसल्या तर तो बहुधा माव्याने पसरवलेला विषाणू. असं झाड पिल्लकंदांसकट उपटून टाका.